एलिफंट नाक्यावरची पेटी

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्याबरोबर आपलं लक्ष कुठे जातं? नवरीच्या शालूकडे, विहीणबाईंच्या गळ्याकडे, फार तर जेवणाची टेबलं कुठे मांडलीत तिकडे. माझं गेलं छताकडे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये नणंदेच्या मुलीच्या लग्नाला आम्ही लंडनला गेलो होतो. जावई गुजराती, त्यांचं घराणं मूळचं कच्छचं पण दोन पिढ्या केनियात काढून आलेलं, त्यामुळे पाहुणे सहाशेच्या घरात. एवढी माणसं मावतील असा हॉल म्हणून त्यांनी पूर्व लंडनच्या कमर्शियल रोडवरची 'ट्रॉक्सी' घेतली होती. आत पाऊल टाकलं आणि मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, हे थिएटर आहे!"

"तुला कुठेही थिएटरच दिसतं," ते म्हणाले.

पण थिएटर काही लपत नाही हो. खुर्च्या काढा, गोल टेबलं मांडा, फुलांचे झुबके लटकवा, तरी बाल्कनीची ती वळणदार कड आणि पडद्याकडे उतरत जाणारं छत सांगतंच. तिथल्या एका वयस्कर कर्मचाऱ्याला मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. त्याला इतका आनंद झाला, की हातातला ट्रे खाली ठेवून तो सांगायला लागला. हो, थिएटरच. ११ सप्टेंबर १९३३ ला 'किंग काँग' या चित्रपटानं उघडलं. साडेतीन हजार खुर्च्या होत्या. (आपलं कुलाब्याचं रीगलही त्याच वर्षीचं, हे मला नंतर घरी येऊन कळलं.) मग स्टेजच्या दिशेनं हात करून तो म्हणाला, "आणि इथे एक ऑर्गन आहे. तो थिएटरपेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे."

हे कसं, ते काही मला कळेना. सून घरापेक्षा मोठी असावी तसं झालं हे. आणि खरंच प्रकरण तसंच निघालं. तो ऑर्गन मुळात इथला नव्हताच. त्याचं माहेर नदीपलीकडे, 'एलिफंट अँड कॅसल' नावाच्या नाक्यावर. ते माहेर १९६३ साली पाडून टाकलं.

त्या दिवशी ऑर्गन काही वाजला नाही. ढोल वाजले, मग डीजे. मी मात्र जेवताना, फोटो काढताना, भाचीची पाठवणी करतानाही त्याच विचारात होते. त्याला कारण आमच्या गावचं होतं. ते सांगते पुढे.

आधी हा ऑर्गन म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याला ऑर्गन म्हटलं की पायपेटी आठवते. संगीत नाटकात पडद्यापुढच्या खड्ड्यात बसून वाजवायचे तीच. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनची साथ असायची, हे आमच्या आजोबांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. त्या पेटीत पितळी पट्ट्या असतात. पायानं भाता हलवला की वारा पट्टीवरून जातो, पट्टी थरथरते आणि सूर निघतो. सिनेमाच्या ऑर्गनमध्ये अशा पट्ट्यांऐवजी नळ्या असतात. एकेका सुराला एकेक नळी, बासरीसारखी. सर्वांत मोठी नळी दुमजली घराएवढी उंच, सर्वांत लहान पेन्सिलीएवढी. काही लाकडाच्या, बाकीच्या धातूच्या. वारा भरायला विजेचा मोठा पंखा. या नळ्या बाजूच्या खोल्यांमध्ये दडवलेल्या असतात. खोल्यांना खिडकीसारख्या फळ्यांची झडप असते. वादकानं पाय दाबला की झडपा उघडतात, सूर मोठा होतो. टाचेनं मागे दाबला की मिटतात.

आणि वादक बसतो कुठे? नळ्यांपासून लांब, पडद्यासमोर, घोड्याच्या नालासारख्या गोल टेबलाशी. समोर एकावर एक चार पट्ट्यांच्या ओळी, भोवती रंगीत चकत्यांची रांग, खाली पायानं वाजवायच्या दांड्या. टेबल आणि नळ्या यांच्यामध्ये फक्त विजेच्या तारा. ही युक्ती रॉबर्ट होप-जोन्स या इंग्रज माणसाची. तो मूळचा टेलिफोनचा इंजिनियर, चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा. टेलिफोनच्या तारा हाताळता हाताळता त्याला वाटलं, सूरही तारेतून का पाठवू नयेत? पुढे तो अमेरिकेत गेला, धंद्यात बुडाला, आणि १९१० मध्ये वुर्लिट्झर कंपनीनं त्याची कल्पना आणि त्याला दोघांनाही पदरात घेतलं. कंपनी गबर झाली. त्या बिचाऱ्यानं १९१४ साली स्वतःचा जीव घेतला. ज्यांच्या डोक्यातून वस्तू निघते त्यांच्या ताटात काय पडतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

या ऑर्गनमध्ये नुसते सूर नसतात. त्या दडवलेल्या खोल्यांत खरे ढोल, झांजा, घंटा, लाकडी पट्ट्यांचं झायलोफोन बसवलेलं असतं. वादकानं चकती दाबली की वाऱ्याच्या दाबानं ते वाजतं. घोड्याच्या टापा, आगगाडीची शिट्टी, पाखरांची किलबिल, सगळं. कारण तो बनवला होता मूकपटांसाठी. आपल्याकडे मूकपटाच्या वेळी पडद्यापुढे पेटी आणि तबला घेऊन बसायचे ना, तेच काम तिकडे एकटा माणूस एवढा मोठा वाद्यवृंद बोटांखाली घेऊन करायचा.

इंग्लंडमध्ये पहिला वुर्लिट्झर १९२५ साली वॉलसॉल गावच्या थिएटरात वाजला. चारच वर्षांत बोलपट आले. आता वाद्याची गरज संपली असं कुणालाही वाटेल. पण गंमत अशी की इंग्लंडमधल्या थिएटरवाल्यांनी उलट आणखी ऑर्गन बसवले. दोन सिनेमांच्या मध्ये वीस मिनिटं दिवे लागायचे, खड्ड्यातून ते नालाकार टेबल वादकासकट वर यायचं, पडद्यावर गाण्याचे शब्द उमटायचे आणि सगळं थिएटर एका सुरात गायला लागायचं. रेडिओवरून त्याचं प्रक्षेपण व्हायचं. म्हणजे सिनेमापेक्षा कधी कधी त्या मधल्या वेळासाठीच माणसं यायची.

एलिफंट अँड कॅसल हे नाव तिथल्या एका जुन्या खाणावळीवरून पडलं. पाटीवर हत्ती आणि त्याच्या पाठीवर बुरूज. आपल्या डोळ्यांना ती सरळसरळ अंबारीच दिसते. दक्षिण लंडनचा हा कष्टकऱ्यांचा भाग. सहा-सात रस्ते एकत्र येतात, जवळ मोठा बाजार, गोदीवर जाणारे पुरुष, कारखान्यांत आणि घरकामाला जाणाऱ्या बायका. एका घरात दोन-तीन कुटुंबं, सार्वजनिक नळ, बहुतेकांना न्हाणीघर नाही. अशा जागी २२ डिसेंबर १९३० ला, ऐन नाताळच्या तोंडावर, हाइम्स बंधूंनी 'ट्रोकॅडेरो' उघडलं. लोक त्याला नुसतं 'ट्रॉक' म्हणायचे. जॉर्ज कोल्स नावाच्या वास्तुरचनाकारानं आतून अगदी इटलीतल्या महालासारखं केलं होतं. सुमारे साडेतीन हजार खुर्च्या. आणि त्यात वुर्लिट्झर असा, की अमेरिकेतून इंग्लंडला जहाजानं आलेला तो सगळ्यांत मोठा. नळ्यांचे एकवीस संच, दीड हजाराहून जास्त नळ्या.

मला यातलं काय आवडलं सांगू? एवढं मोठं वाद्य त्यांनी पिकॅडिलीच्या झगमगाटात नेलं नाही. गरिबांच्या नाक्यावर ठेवलं. धंद्याचं गणित असेल, नाही कशाला म्हणू? पण दिवसभर दुसऱ्यांच्या पायऱ्या घासणारी बाई संध्याकाळी त्या गालिच्यावर चालत जाऊन उबेत बसत असेल, हेही तितकंच खरं. आमच्या बचत गटातल्या बायका सिनेमाला जायच्या तेव्हा काय सांगायच्या, तर "ताई, तीन तास पंख्याखाली बसायला मिळतं." सिनेमा कोणता होता ते दुसऱ्या दिवशी आठवायचंही नाही त्यांना.

ऑर्गन वाजवायला क्वेंटिन मॅक्लीन होता. हा काही बाजारू वादक नव्हे. जर्मनीत लाइपझिगला जाऊन मोठ्या उस्तादांकडे शिकलेला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिथेच अडकला आणि बर्लिनजवळच्या रुह्लेबेन छावणीत इंग्रज म्हणून कैदेत पडला. सुटून आल्यावर त्यानं थिएटरचा ऑर्गन धरला. ट्रॉकमध्ये तो १९३० ते १९३९ वाजवत होता. बाखपासून ताज्या सिनेमाच्या गाण्यापर्यंत सगळं, आणि तेही मासळीबाजारातून आलेल्या श्रोत्यांसमोर. शास्त्रीय वाजवलं तर लोक उठून जातील ही भीती कार्यक्रम ठरवणाऱ्यांना असते, ऐकणाऱ्यांना नसते. आमच्या गणेशोत्सव मंडळाला हे पटवून देता देता माझे केस पांढरे झाले! १९३९ मध्ये मॅक्लीन कॅनडाला गेला आणि परत आला नाही. १९६२ साली टोरांटोत वारला.

युद्धात तो सगळा भाग होरपळला. १० मे १९४१ च्या रात्री एलिफंट नाक्यावर अशी बाँबफेक झाली, की आग विझवायला पाणी पुरेना. ट्रॉक मात्र उभं राहिलं. त्या काळी भोंगा वाजला तरी बरेच लोक थिएटर सोडून जायचे नाहीत. मग वादक ऑर्गन वाजवायला बसायचा, आणि धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत माणसं गात राहायची. बाहेर काय राहिलंय आणि काय नाही हे ठाऊक नसताना लेकराला मांडीवर घेऊन गाणाऱ्या बाईच्या मनात काय चाललं असेल, ते मला सांगता येणार नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. १९५६ साली रॉक अँड रोलच्या सिनेमाला तिथल्या तरण्या पोरांनी सीटा फाडल्या, मधल्या वाटेत नाचले. १९५८ च्या १ मार्चला अमेरिकेच्या बडी हॉलीच्या इंग्लंड दौऱ्याचा पहिला कार्यक्रम इथेच झाला. पण घरोघरी टीव्ही आले होते आणि साडेतीन हजार खुर्च्या भरेनात. त्यातच नगरपालिकेनं नाक्याचा कायापालट करायचं ठरवलं. रुंद रस्ते, उंच इमारती, मोठं बाजारसंकुल. ऑक्टोबर १९६३ मध्ये ट्रॉकचा शेवटचा खेळ झाला. मग घण पडले.

त्या जागी लहानसं नवं ओडियन थिएटर आलं. एर्नो गोल्डफिंगर या नावाजलेल्या वास्तुरचनाकाराचं. तेही १९८८ मध्ये पाडलं. म्हणजे जे जुन्याला हटवून आलं, ते जेमतेम वीस-बावीस वर्षं टिकलं.

पण घण पडायच्या आधी काही माणसं आत गेली होती. सिनेमा ऑर्गन सोसायटी म्हणून हौशी लोकांची संस्था आहे. कारकून, शिक्षक, दुकानदार अशीच माणसं असतात तिथे. त्यांनी तो ऑर्गन विकत घेतला. एकेक नळी, एकेक तार, एकेक स्क्रू सोडवला, चिठ्ठी लावली, बांधलं, हलवलं. जवळच्याच बरो पॉलिटेक्निकमध्ये एडरिक हॉल नावाचं सभागृह होतं, तिथे तो बसवायचं ठरलं. मैत्रिणींनो, हे बसवणं किती वर्षं चाललं असेल? १९६३ ला थिएटर पडलं आणि ऑर्गन लोकांसमोर वाजला १९७९ ला. सोळा वर्षं! सुट्टीच्या दिवशी येऊन, पदरचे पैसे घालून, धूळ खात. यांच्या बायका काय म्हणत असतील, असा माझ्या मनात पहिला प्रश्न आला. माझ्या नवऱ्यानं दर रविवारी असं काही केलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते इथे लिहीत नाही.

पुढे त्या संस्थेचं विद्यापीठ झालं, जागेची गरज बदलली, आणि ऑर्गन पुन्हा उतरवून पेट्यांत बंद झाला. तोवर सोडवणाऱ्यांतले काही गेलेही असतील. मग शोध सुरू झाला नव्या घराचा. आणि घर सापडलं ते ट्रॉक्सी. ही ट्रॉक्सी कुणाची? त्याच हाइम्स बंधूंची. वास्तुरचनाकार तोच जॉर्ज कोल्स. नावसुद्धा थोरलीवरून बेतल्यासारखं. म्हणजे ट्रॉकची धाकटी बहीणच. हिचंही काही सुरळीत झालं नव्हतं. १९६० मध्ये सिनेमा बंद पडला, मग १९६३ पासून तिथे ऑपेरा शिकवायची संस्था आली (किरी ते कानावा ही न्यूझीलंडची प्रसिद्ध गायिका तिथलीच विद्यार्थिनी), मग बरीच वर्षं बिंगोचा अड्डा. पण १९९१ मध्ये सरकारी यादीत नाव लागलं, त्यामुळे घण चुकला. आता तिथे कार्यक्रम होतात, लग्नं होतात. २०१५ मध्ये थोरलीचा ऑर्गन धाकटीच्या घरी वाजायला लागला. बावन्न वर्षांनी.

आता आमच्या गावचं. आमच्या गावात एक टॉकीज होतं. कोणतं, ते नाव नको. आधी ते नाट्यगृह होतं, संगीत नाटकांच्या कंपन्या तिथे मुक्काम करायच्या. बोलपट आले तसं टॉकीज झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे बायकांसाठी वेगळी बाजू होती आणि दुपारच्या खेळाला ती भरायची. डोअरकीपरची बायको आमच्या पहिल्या बचत गटातली. सगळे तिला मावशी म्हणायचे. टॉकीज पाडायचं ठरलं तेव्हा, म्हणजे २००८ साली, त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "ताई, आत पडद्यामागं नाटकवाल्यांची पायपेटी पडलीय. भाता फाटलाय, पण लाकूड शिसवीचं आहे. मालक म्हणतात, कुणाला पायजे तर न्या. तुमच्या मंडळात ठेवा की."

मी त्या आठवड्यात कशात होते, तर गटाच्या कर्जाची फाईल बँकेत अडकली होती. मी म्हटलं, "मावशी, पुढच्या सोमवारी बघू." दोन सोमवार गेले. तिसऱ्या सोमवारी गेले तर नुसता ढिगारा.

मी कुणाला दोष देत नाही. फाईलही महत्त्वाची होती, अकरा बायकांच्या शिलाई मशिनचा प्रश्न होता. पण ट्रॉक्सीतल्या त्या माणसानं स्टेजकडे हात केला तेव्हा मला ती पेटी आठवली. अकरा वर्षांत तिचा विचारही आला नव्हता.

लग्नाच्या गडबडीतून सुटल्यावर भाचीच्या धाकट्या भावाला घेऊन मी एलिफंटला गेले. जाताना वाटेत केनिंग्टनचं सिनेमा म्युझियम पाहिलं. जुन्या थिएटरांचे गालिचे, पाट्या, तिकीट तपासणाऱ्या मुलींचे गणवेश, खुर्च्या, सगळं खच्चून भरलेलं. ज्या इमारतीत ते आहे ती पूर्वी अनाथ-निराधारांची कोठी होती. सात वर्षांचा चार्ली चॅप्लिन आईबरोबर तिथे आला होता.

ट्रॉकच्या जागी पाहण्यासारखं काही नव्हतं. न्यू केंट रोड, बसगाड्या, पांढऱ्या उंच इमारती, त्यांत फ्लॅट. पलीकडे १९६५ साली उघडलेलं ते बाजारसंकुल तेव्हा चालू होतं. आत दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बायकांची दुकानं, शिवणकाम, खाऊचे गाळे. त्यांतल्या एकीकडून मी गरम पॅटिस घेतलं. ती काचेवरच्या नोटिशीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. मला भाषा कळली नाही, विषय कळला. पुढच्याच वर्षी, २०२० च्या सप्टेंबरमध्ये, ते संकुल बंद झालं आणि मग पाडलं.

भाचा म्हणाला, "मामी, थांबा." त्यानं मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. क्वेंटिन मॅक्लीनची तबकडी. ट्रॉकमध्येच ध्वनिमुद्रित केलेली, तीसच्या दशकातली. आधी खरखर, मग सूर. पायपेटीसारखा मुळीच नव्हता. कुणीतरी खूप मोठ्या घरात, लांबच्या खोलीत, छातीतून गावं तसा. सूर थांबला तरी क्षणभर मागे काहीतरी रेंगाळत होतं. भाचा म्हणाला, तो हॉलचा घुमारा. भिंतींचा. मी पॅटिस हातात धरून तशीच उभी राहिले. जिथे उभी होते तिथल्याच भिंतींचा आवाज कानात, आणि समोर बस.

भारतात परत आल्यावर मावशींच्या घरी गेले. त्या आता थकल्यात, ऐकू कमी येतं. मी मोठ्यानं विचारलं, "मावशी, ती टॉकीजमधली पायपेटी कुणी नेली हो?"

त्यांना लगेच आठवलं. म्हणाल्या, "भंगारवाल्यानं काट्यावर आतलं पितळ तेवढं नेलं. लाकूड तो घेत नव्हता. मग आम्हीच आणलं घरी. चांगलं पेटायचं. त्या पावसाळ्यात बंबाला दुसरं लाकूड लागलंच नाही."